शिट्टी वाजायच्या आधी बसा

मोठ्या आजारातून उठलेली माणसं म्हणे शांत होतात, सगळ्यांना माफ करून टाकतात. मला तसं काही झालेलं नाही. मला अजून राग येतो आणि तो राग जपून ठेवावा असंच वाटतं, कारण तो ओसरला तर हे लिहायचं राहून जाईल.

माझ्या किडन्या बंद पडल्या होत्या. मधुमेहाने नाही, रक्तदाबाने नाही. व्यायामाने. एका सकाळच्या, तासाभराच्या व्यायामाने. हे ऐकल्यावर समोरचा माणूस आधी हसू दाबतो आणि मग विचारतो, "पण तू कशाला गेलीस?" नातेवाईक, ऑफिसातले, वॉर्डातले शेजारी, सगळ्यांनी हेच विचारलं. मला थांबवलं का नाही, हे त्या जिमवाल्याला जाऊन एकानेही विचारलं नाही.

आप तो प्लेयर हो

मी मूळची सांगलीची. खो-खो खेळत वाढले, खेळाडू म्हणूनच रेल्वेत लागले आणि बदल्या होत होत जयपूरला आले. माझा नवरा सुनील आमच्याच ऑफिसात आहे. मुलगी ईशा आठवीत. ती पोटात होती तेव्हा खेळ सुटला, तो सुटलाच. तेव्हापासून मी खुर्चीत बसून काम करते, आणि खुर्चीत बसणाऱ्या बाईचं जे होतं ते माझंही झालं. वजन वाढलं, गुडघे कुरकुरायला लागले, चाळिशी दारात येऊन उभी राहिली.

आमच्या मुरलीपुऱ्यात नवीन जिम निघाली होती. पूर्वी कसलंसं गोदाम होतं, वर पत्रे. शेजारच्या कमलेश भाभी म्हणाल्या, "चलो ना, दोनों साथ चलते हैं." भाभी तिथल्याच, जन्मापासून जयपूरच्या. व्यायाम म्हणून त्यांनी आयुष्यात काही केलेलं नव्हतं आणि त्याचं त्यांना काही वाटतही नव्हतं.

मे महिना होता. आत शिरतानाच पत्र्याची धग डोक्यावर आली. तिथले ट्रेनर म्हणजे विक्की सर. तिशीतला, गोड बोलणारा मुलगा. त्याने भाभींना विचारलं, "पहले कुछ किया है?"

"झाड़ू-पोछा किया है," भाभी म्हणाल्या. सगळे हसले. त्याने त्यांना मागच्या ओळीत उभं केलं आणि बजावलं, "आंटीजी, आराम से. जितना हो, उतना ही."

मग माझ्याकडे वळून तोच प्रश्न. मी सांगितलं की खो-खो खेळले, रेल्वेच्या संघात होते. त्याचा चेहरा उजळला. "अरे, फिर आप पीछे क्यों खड़ी हो? आगे आइए मैडम. आप तो प्लेयर हो."

खेळले म्हणजे कधी? शेवटचं कधी धावलात? त्यानंतर आजपर्यंत काय केलंत? यातलं त्याने काहीही विचारलं नाही. एवढा एक 'कधी' त्याच्या तोंडून निघाला असता तर माझ्या गळ्यावरचा हा डाग आज नसता. त्याने मला सरळ पहिल्या ओळीत, रोज येणाऱ्या पोरांच्या शेजारी उभं केलं. आणि खरं सांगू, मला बरं वाटलं. कितीतरी वर्षांनी कुणीतरी मला प्लेयर म्हटलं होतं.

शिट्टी

त्याला ते हाय इंटेन्सिटी वर्कआउट म्हणतात. जीव तोडून उठाबशा, मग श्वास खाली बसायच्या आत उड्या, मग जमिनीवर आडवं पडून परत उठणं, मग लोखंडी दांड्याला लटकून अंग वर खेचणं, आणि पुन्हा पहिल्यापासून. कोपऱ्यात स्पीकर दणदणत असतो. विक्की सरांच्या गळ्यात शिट्टी.

दुसऱ्या फेरीत भाभी मटकन खाली बसल्या. पाण्याची बाटली तोंडाला लावली, पदराने वारा घेतला आणि म्हणाल्या, "मेरे से ना होगा." त्यांना कुणी उठवलं नाही. त्यांनाही लाज वगैरे वाटली नाही.

मी बसले नाही. बसता येणं ही गोष्ट मला कुणी शिकवलीच नव्हती. सांगलीला आमचे सर होते, त्यांचा एकच कायदा. शिट्टी वाजेपर्यंत कुणी थांबायचं नाही. सरावात कुणी गुडघ्यांवर हात टेकून वाकलेली दिसली की तिला सगळं पहिल्यापासून करावं लागे. तिला एकटीला नव्हे, सगळ्या संघाला. त्यामुळे लहानपणीच अंगात मुरलं होतं की आपण बसलो तर दुसऱ्यांना भोगावं लागतं. खेळलेल्या कुणालाही विचारा, तो हेच सांगेल.

तर मी चालू राहिले. श्वास कसा आवळायचा, दुखतंय त्या जागेवरून मन कसं काढून घ्यायचं, फक्त पुढच्या खुंटाकडे कसं बघायचं, हे सगळं मला येत होतं. अनुभव सगळा शाबूत होता. पण तो ज्या मांड्यांच्या आणि दंडांच्या जोरावर वापरायचा असतो, त्या मांड्या आणि ते दंड आता नव्हते. मांड्या थरथरायला लागल्या. हात दांड्यावरून सुटायला लागले. डोळ्यांपुढे पिवळं दिसायला लागलं. मी विक्की सरांकडे बघत होते, शिट्टीची वाट बघत.

त्यांनीही माझ्याकडे बघितलं. माझी काय अवस्था आहे ते त्यांना दिसत होतं, हे मी शपथेवर सांगते. त्यांनी शिट्टी वाजवली नाही. उलट बाकीच्यांना थांबवलं, माझ्याभोवती गोल करायला लावला आणि टाळ्या सुरू केल्या. "देखो! इसको कहते हैं स्पोर्ट्समैन!" एक मुलगा मोबाइल धरून शूटिंग करत होता. मी मोजणं केव्हाच सोडलं होतं. भाभी मागून ओरडत होत्या, "बस करो जी, बस करो." माझे कान मात्र शिट्टीकडे लागले होते.

कोरा चहा

दुसऱ्या दिवशी मला केस विंचरता येईनात. कोपर सरळ होत नव्हतं. मांड्या टम्म फुगून दगडासारख्या झाल्या होत्या. बेसिनला धरूनच उठायचं आणि बसायचं. सुनील म्हणाला, "अगं, एवढं दुखतंय तर सुट्टी टाक की." मी म्हटलं, होईल कमी. आम्हा खेळलेल्यांना अंग दुखण्याचा थोडा अभिमानच असतो.

विक्की सरांना फोन केला. ते खूश झाले. "यही तो असली सोरनेस है मैडम. हल्दी वाला दूध पीजिए और कल फिर आइए. चलेंगे तो खुलेगा."

दुखणं थांबेना म्हणून कोपऱ्यावरच्या दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरांनी माझ्या पायाला हातही न लावता दुखण्याचं इंजेक्शन ठोकलं. वर उपदेश दिला, "इस उम्र में ये सब शौक मत पालिए." लघवी कशी होतेय, किती होतेय, काही नाही. मला नंतर कळलं की अशा वेळी दुखण्याची तसली औषधं किडनीला आणखी मारक ठरतात. ते इंजेक्शन मी स्वतःच्या पायांनी चालत जाऊन घेतलं होतं.

त्याच संध्याकाळी लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली. मला वाटलं, पाळी आली असेल. बाईला आधी तेच वाटतं. त्यात आणखी एक दिवस गेला. मग लघवी होईनाशीच झाली.

कमलेश भाभी पराठे घेऊन आल्या. त्या ठणठणीत होत्या. दोन फेऱ्यांत बसलेली बाई, तिला काय होणार? त्यांनी माझे पाय बघितले, चेहऱ्यावरची सूज बघितली आणि पराठ्यांचा डबा खाली ठेवून थेट सुनीलला ऑफिसात फोन लावला. "भाई साहब, अभी के अभी घर आइए."

मोठ्या दवाखान्यात

रक्त तपासलं. तो रिपोर्ट बघून तिथला कनिष्ठ डॉक्टर दुसऱ्याला बोलवायला पळाला. डॉक्टर पळताना दिसला की आपलं काही खरं नाही हे पेशंटला कळतंच.

किडनीच्या डॉक्टर बाई आल्या. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी सांगितलं ते असं. झेपेल त्यापेक्षा फार जास्त ताण पडला की स्नायू नुसते दुखत नाहीत, ते फुटतात. त्यातला माल रक्तात उतरतो आणि किडनीत जाऊन अडकतो. त्यात उन्हाची धग, कमी पाणी आणि ते इंजेक्शन.

मी विचारलं, "पण मी तर खेळाडू होते. भाभींनी कधीच काही केलेलं नाही आणि त्यांना काही झालं नाही. असं कसं?"

डॉक्टर बाई म्हणाल्या, "जो कभी नहीं खेला, वो पहले ही बैठ जाता है. जो रोज़ खेल रहा है, उसका शरीर झेल लेता है. फँसते हैं आप जैसे लोग. दिमाग को सब याद है, शरीर भूल चुका है."

"मग मला पुढे उभं करायला नको होतं," मी मराठीतच बोलून गेले. त्यांना ते समजलं असावं. म्हणाल्या, "आपको तो सबसे पीछे खड़ा करना चाहिए था."

मानेत जाड नळी घालून डायलिसिस सुरू झालं. सुनीलने बाहेर विचारलं की किडन्या परत चालू होतील ना. त्या म्हणाल्या की बहुतेकांच्या होतात, पण शब्द देणार नाही. हे त्याने मला तेव्हा सांगितलं नाही. त्याच्या तोंडावर मला ते वाचता आलं.

नारळपाणी

सुरुवातीला सलाइनच्या बाटल्यांवर बाटल्या चढवल्या. पण आत गेलेलं बाहेर येईना, धाप लागायला लागली, तेव्हा पाणीच बंद केलं. मोजून घोटभर. जयपूरचा उन्हाळा आणि घोटभर पाणी. खिडकीतून समोरच्या झाडाखाली रांजण दिसायचा. येणारे-जाणारे थांबून ओंजळीने पाणी प्यायचे आणि मी त्यांच्यावर मनातल्या मनात चिडायचे.

भेटायला येणारा प्रत्येक जण नारळपाणी आणायचा. नाहीतर केळी. आजारी माणसाला दुसरं काय न्यायचं? आणि किडनी बंद असताना नेमक्या याच दोन गोष्टी विषासारख्या. सिस्टर सगळ्यांना दारातच अडवून समजावायची आणि लोक माझ्याकडे बघून डोळा मारायचे की ती गेल्यावर घे. शेवटी सगळे नारळ सिस्टरांच्या खोलीत जाऊन पडले. वॉर्डातल्या बायांनी त्या आठवड्यात मनसोक्त नारळपाणी प्यायलं.

त्यांच्यातली एक गीताबाई, वॉर्डातली आया. अंग पुसताना आधी स्वतःचे हात चोळून गरम करायची, कारण एसीत गार हात लागला की मी दचकायचे. बर्फाचा बारीक तुकडा चमच्यात घालून जिभेवर ठेवायची आणि म्हणायची, "चबाना मत. पड़ा रहने दो." त्या एका तुकड्यासाठी मी सकाळपासून तिची वाट बघायचे. माझा राग त्या खोलीत सगळ्यांवर होता, गीताबाईवर कधी झाला नाही.

तू कशाला गेलीस

सासूबाईंचा सांगलीहून फोन. "पोरगी मोठी झाली, आता कशाला उड्या मारायच्या होत्या?" ऑफिसातले साहेब, "ज्यादा उछलकूद ठीक नहीं." याच सासूबाई दिवाळीत म्हणाल्या होत्या, किती सुटलीयस. याच साहेबांनी वाढदिवसाला केक कापताना म्हटलं होतं, मैडम को छोटा पीस दो. बाई जाड झाली तरी बोलायचं आणि बारीक व्हायला गेली तरी बोलायचं. मला उठून बसता येत असतं तर त्या दोघांना मी काहीतरी फेकून मारलं असतं.

सुनीलही बोललाच. एका दुपारी पाणी मागून मागून मी त्याला हैराण केलं तेव्हा तो ओरडला, "मी नको म्हटलं होतं की! ऐकायचंच नाही कुणाचं!" मग लगेच माझ्या फुगलेल्या पायांवर हात ठेवून बसला. त्याने खरं म्हणजे नको वगैरे म्हटलेलं नव्हतं. घाबरलेला माणूस आठवणीतही फेरफार करतो.

ईशा रोज शाळेनंतर यायची आणि पलंगाच्या पायथ्याशी उभी राहायची, जवळ यायची नाही. ती घरातसुद्धा हिंदीच जास्त बोलते. मराठी बोलताना शब्द शोधत शोधत येते. एक दिवस तिने माझ्या मानेतल्या नळीकडे बघत मराठीत विचारलं, "आई, मतलब... तू परत घरी येणार ना? पक्का ना?"

मी म्हटलं, "पक्का."

मला ते माहीत नव्हतं. पण दुसरं काय म्हणणार होते? मला तेव्हा जगायचं होतं ते त्या एका शब्दासाठी.

मग तिने मोबाइल पुढे केला. "आणि हे बघ. भाभींच्या मुलाने पाठवलं. तुझा व्हिडिओ." जिमच्या पानावर मी होते. दांड्याला लटकलेली, तोंड वेडंवाकडं, घामाने निथळणारी. मागे दणदणीत संगीत आणि खाली मोठ्या अक्षरांत, 'पहला दिन! हार नहीं मानी!' लोकांनी खाली हृदयं पाठवली होती. मी डायलिसिसच्या मशीनला जोडलेली होते आणि माझे स्नायू ज्या वेळी फुटत होते ती वेळ मुरलीपुऱ्यात जाहिरात म्हणून फिरत होती.

सुनीलने जिममध्ये फोन केला. मालक म्हणाला, "भाई साहब, गेट वेल सून. पर वीडियो तो मोटिवेशनल है ना." तो फोन संपल्यावर सुनीलने मला पुन्हा कधीच 'कशाला गेलीस' म्हटलं नाही.

पातेल्याएवढा आनंद

आणि एका सकाळी पिशवीत लघवी दिसली. थोडीशीच, गढूळ. गीताबाईने पहिल्यांदा बघितली आणि सिस्टरला हाक मारली. सिस्टरने डॉक्टरांना. सुनीलने सांगलीला फोन लावला आणि भर वॉर्डात, आजूबाजूला पेशंट, त्यांची माणसं, कसलाही विचार न करता म्हणाला, "आई, झाली! अगं, लघवी झाली तिला!" शेजारच्या पलंगावरच्या आजीने हात जोडले. इतक्या आनंदाने माझ्या लघवीची बातमी ऐकली जाईल असं मला बापजन्मी वाटलं नव्हतं. पुढे ती पातेलंभर व्हायला लागली. किडन्या हळूहळू जाग्या झाल्या. मानेतली नळी निघाली, तिचा डाग राहिला.

तुमच्यापैकी कुणी खेळलेलं असेल, फौजेत असेल, पोलिसात असेल, शाळेत धावण्यात पहिलं आलेलं असेल, आणि मधे वर्षं गेली असतील, तर ऐका. जिमवाल्याला पहिल्या वाक्यात सांगा की आता मी नवखा आहे. मागच्या ओळीत उभे राहा. लघवी काळपट झाली तर हळद-दूध नाही, कोपऱ्यावरचं इंजेक्शन नाही. सरळ मोठा दवाखाना.

मागच्या ओळीत

डॉक्टर बाईंनी चालायला परवानगी दिली तशी मी कमलेश भाभींना घेऊन पहिल्यांदा गेले ती जिममध्येच. व्हिडिओ काढून टाक एवढं मालकाच्या तोंडावर सांगायला.

मालक नव्हता. क्लास चालू होता. तेच पत्रे, तीच धग, तोच स्पीकर. पहिल्या ओळीत एक नवीन बाई उठाबशा काढत होती. माझ्याच वयाची, पायांत जुने, चांगल्यापैकी झिजलेले धावायचे बूट. तिच्या मांड्या थरथरत होत्या. तोंड लाल झालं होतं. विक्की सर टाळ्या वाजवत होते. शिट्टी त्यांच्या गळ्यात लोंबत होती.

दोन व्यायामांच्या मधे तिची नजर माझ्यावर पडली. ती धापा टाकत हसली. "आप वही हो ना? आपका वीडियो देखके ही जॉइन किया मैंने. कॉलेज में दौड़ती थी मैं भी."

मालकाला ऐकवायचं म्हणून घोकून आणलेलं सगळं मी विसरले.

विक्की सर म्हणाले, "मैडम, वेलकम बैक! बताइए इनको, लास्ट राउंड है, रुकना नहीं है." भाभींनी माझा हात धरला. मी तो सोडवला आणि चपलांसकट त्या मॅटवर गेले, त्या बाईच्या अगदी समोर. ती पुन्हा उठाबशांना लागली होती, डोळे शिट्टीकडे. ते डोळे मला चांगले ओळखीचे होते.

खो-खोत एक धावते तेव्हा आठ जणी बसलेल्या असतात. कुणी त्यांना आळशी म्हणत नाही. ते बसणंही खेळच असतो. हे मला इतकी वर्षं माहीत होतं आणि मी ते फक्त मैदानावरच वापरलं.

मी खाली बसले. मॅटवरच, मांडी घालून, सगळ्यांच्या देखत. गळ्यावरची ओढणी काढून बाजूला ठेवली, म्हणजे तिला डाग नीट दिसावा.

"बैठ जाओ," मी म्हटलं.

"सीटी...?" ती म्हणाली.

"वो नहीं बजाएगा. तुम बैठ जाओ."

तिने माझ्या मानेकडे बघितलं. विक्की सरांकडे बघितलं. मग गुडघे दुमडले आणि माझ्यासमोर बसली.